हिरव्या भिंतीवरचा सारस

दिवाळी झाली की आमच्या गावात मंडई भरते, म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात. त्या वर्षी मंडईच्या दुपारी समाजमंदिरात माझ्या मोठ्या जावेनं काढलेली फिल्म दाखवायची ठरली होती. आदल्या दिवशी सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

जाऊ सातवीपर्यंत शिकलेली. जन्मात कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. पण पावसाळ्यात आम्ही ठेक्यानं घेतलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, ऐन धानात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं आणि ती वेडीच झाली. माझा नवरा लग्नांचं शूटिंग करतो. पावसाळ्यात लग्नं नसतात, कॅमेरा कपाटात पडून होता. तिनं तो मागून घेतला. "माले फक्त चालू कसा होते ते सांग," म्हणाली. मग दोन महिने, निंदण आटोपलं की छत्री घेऊन ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसायची. घरटं, दोन अंडी, नर-मादीची पाळीपाळीनं राखण आणि एका सकाळी अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू, सगळं तिनं टिपलं. मी लग्नाआधी कम्प्युटरचा कोर्स केलेला, म्हणून त्यातले सतरा तुकडे निवडून दिले. प्रत्येक तुकड्यानंतर जाऊ उभी राहून त्या दिवशी काय झालं ते सांगणार होती.

प्रोजेक्टर शाळेचा होता, लॅपटॉप ग्रामपंचायतीचा. आदल्या दिवशी सकाळी सगळं लावून पाहायला पंचायतीचे ऑपरेटर भाऊ स्वतः तो समाजमंदिरात घेऊन आले. लॅपटॉपमध्ये नवं काही टाकायचं तर पासवर्ड लागायचा आणि तो त्यांच्याकडेही नव्हता. त्यातल्या प्लेअरवर आमच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ नुसता आवाज द्यायचे, चित्र नाही. हे मला आधीच माहीत होतं. म्हणून इन्स्टॉल न करता चालणारा एक प्लेअर मी घरूनच कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डवर टाकून आणला होता.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या, पहिला तुकडा सुरू केला आणि भिंतीवर सारस उभा राहिला. माणसाएवढा. पण त्याची मान चिखलासारखी तपकिरी दिसत होती. समाजमंदिराची ती भिंत फिक्कट हिरव्या रंगाची आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, "हा सारस नोहे. याची मान लाल पाहिजे."

घरातली सगळ्यांत मोठी पांढरी चादर लावून पाहिली. सारसाचे पाय चादरीखाली गेले. प्रोजेक्टर पुढे घेतला तर चित्र एवढंसं झालं, मागच्यांना काही दिसलं नसतं. मग मी प्लेअरमधलं रंगांचं पान उघडलं. रंगछटा थोडी सरकवली, लाल गडद केला, उजेड कमी केला. एकेक काटा हलत गेला तशी ती मान लाल होत गेली. जाऊ भिंतीजवळ जाऊन पाहत होती. "अजून थोडा... बस. असाच राहू दे."

मला इतका आनंद झाला की लगेच दुसरा तुकडा लावला. मान परत तपकिरी.

वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. पुन्हा सगळं जुळवलं, सेव्हचं बटण दाबलं, प्लेअर बंद करून उघडला. पुन्हा मूळचे रंग. तिसऱ्यांदाही तेच. ऑपरेटर भाऊ म्हणाले, "वहिनी, सेटिंग टिकूनच नाही राहिली. लॅपटॉपचीच काही गडबड आहे." लॅपटॉप स्वतःहून व्हिडिओचे रंग ठीक करतो अशी एक सोय त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी बंद केली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. आम्ही तिघं भिंतीकडे पाहत होतो. तपकिरी.

"सतरा वेळा रंग लावत बसशील का उद्या?" जावेनं विचारलं. रागानं नव्हे, पण तिचा चेहरा उतरला होता.

मला मात्र आता हे सोडवल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. प्लेअर आपली सेटिंग कुठे तरी लिहून ठेवतच असेल ना? कार्डवरच्या त्याच्या फोल्डरमध्ये शोधलं, एक छोटी फाइल सापडली. तिच्यावरची तारीख पाहिली. तारीख मी घरी प्लेअर कार्डवर टाकला त्या दिवसाची होती. म्हणजे सकाळपासून आम्ही एवढं सेव्ह सेव्ह केलं, त्यातलं एक अक्षर तिथे पोचलं नव्हतं. मी त्या फाइलचं नाव बदलून पाहिलं. लॅपटॉपनं नकार दिला: कार्डवर लिहिता येणार नाही.

कार्ड बाहेर काढलं. त्याच्या कडेला नखाएवढा खटका असतो, तो खाली ओढलेला होता. कुलूप लावलेलं होतं.

"हे कोणी केलं?"

"म्या केला," जाऊ म्हणाली. "काल. तुह्या नवऱ्यानंच सांगितलं होतं, हा खाली केला का कार्डातलं काहीच पुसत नाही. पिल्लू पुसलं तर मी कुठून आणू?"

ऑपरेटर भाऊ हसू लागले. "मग खटका वर करा, झालं काम."

"नाही," जाऊ म्हणाली. "खटक्याले हात नाही लावायचा."

मी तिच्याकडे पाहिलं. दोन महिने धुऱ्यावर बसलेली बाई होती ती. तिचं म्हणणं मला पटलं, आणि त्याच क्षणी उपायही सुचला. प्लेअरला इन्स्टॉल करायची गरजच नव्हती. मग तो कार्डवर कशाला हवा? कुलपासकट कार्ड परत लॅपटॉपमध्ये घातलं, प्लेअरचं फोल्डर तेवढं उचलून लॅपटॉपवर ठेवलं. व्हिडिओ कार्डवरच राहिले. रंग जुळवले, सेव्ह केलं, बंद केलं. परत उघडलं.

मान लाल होती. दुसरा तुकडा, लाल. लॅपटॉप बंद करून परत चालू केला, तरी लाल. ऑपरेटर भाऊंनी टाळ्या वाजवल्या. जावेनं पुढे येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग म्हणाली, "आता ते पिल्लाचं लाव. माले पाहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या तुकड्यानंतर जाऊ उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. पुढच्या रांगेतून आमच्या शेजारच्या बांधीचे काका म्हणाले, "सांग ना वं, घाबरून काऊन राहिली? आपलीच माणसं होत." मग जी सुरू झाली ती थांबेना. नर दुपारच्या उन्हात अंड्यांवर पंख कसे धरतो, कुत्रं आलं तेव्हा मादी कशी धावली, सगळं. पिल्लू अंड्यातून मान बाहेर काढतं त्या तुकड्याला मागचे लोक उभे राहिले. माहेरपणाला आलेल्या पोरी दाराबाहेरच्या ओट्यावरून वाकून पाहत होत्या.

संपल्यावर ते काका उठले. सारस धान तुडवतात म्हणून पावसाळाभर कुरकुर करणारे हेच. म्हणाले, "ते पिल्लू माह्या बांधीत यायचं. मी हाकलत होतो." मग भिंतीकडे बोट केलं. "परत एकदा दाखवा."

परत दाखवलं. नाटकाची मंडळी सभागृह रिकामं करा म्हणेपर्यंत तीनदा दाखवलं. पहिल्या दोन्ही वेळा माझी नजर लॅपटॉपवरच खिळलेली होती, रंग उडतात की काय म्हणून. तिसऱ्या वेळी ऑपरेटर भाऊंना बसवलं, मागे जाऊन दाराला टेकून उभी राहिले आणि सतराही तुकडे डोळे भरून पाहिले.