आईच्या ओवीतली थांबायची जागा

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर हसत हसतच वाचले. लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे पुराव्याशिवाय काही मानायची सवय नाही. तरी हे लिहितोय... कारण जे झालं ते माझ्या एकट्याच्या बाबतीत झालं नाही.

भूकंपाला पंधराएक वर्षं झाली असतील. गल्लोगल्ली क्लासेस आणि पोरांसाठी मेस निघाल्या होत्या. शोभाताईंची मेस रविवारी संध्याकाळी बंद असायची, म्हणून दुपारी आम्ही तिघं तिथं वाजवत बसायचो. माझी पेटी, तबल्यावर उदगीरचे गुरप्पा – कापडाचे व्यापारी – आणि क्लॅरिनेटवर लग्नाच्या बँडमधले सलीमभाई. तिघांनाही येतं तेच गाणं घ्यायचं. मग एकानं मनानं वाजवत जायचं, बाकीच्यांनी सांभाळायचं.

"सर, तुम्ही लई सूर भरून राहिले," सलीमभाई म्हणायचे. "जरा जागा सोडा की दुसऱ्याला."

एका रविवारी शोभाताई म्हणाल्या, "माझ्या आईची जात्यावरची ओवी वाजवता का? मला पहिलीच ओळ येते."

त्यांची आई भूकंपात गेली, तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. पुढची चाल त्या पार विसरल्या होत्या. चाकूरला राहणाऱ्या थोरल्या भावाला विचारावं, तर आईचा विषय निघाला की तो उठून जायचा.

त्यांनी ओळ गुणगुणली. सलीमभाईंनी ती उचलली. माझी पाळी आली तेव्हा मी वर जाणार होतो, पण बोटं खाली उतरली... एका वाकड्याच वळणानं. त्याच क्षणी सलीमभाईंनीही नेमकं तेच वळण घेतलं. आणि मग आम्ही तिघंही एकदम थांबलो. ठरवलं नव्हतं, खूणही केली नव्हती. एक श्वास गेला आणि पुन्हा एकत्र उचललं.

शोभाताई घरच्यापुरती कणीक मळत होत्या. हात तसाच ठेवून हळूच म्हणाल्या, "इथंच थांबायची ती. जात्यात दाणे टाकायला."

मला वाटलं, बिचारीला भास झाला.

पुढच्या रविवारी त्यांचा भाऊ मुलीच्या ॲडमिशनसाठी आला. आम्ही वाजवायला सुरुवातही केली नव्हती. त्या दिवशी शोभाताईंनी धीर करून विचारलंच, "दादा, आईची ओवी म्हण की."

या वेळी तो उठून गेला नाही. खाली बघत म्हणू लागला. तेच वळण... आणि तीच थांबायची जागा.

सलीमभाई माझ्याकडे बघत राहिले. गुरप्पांनी डोळे पुसले.

लहानपणी कुठंतरी कानावर पडली असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण मी धर्माबादचा, आमच्या घरात तेलुगू. सलीमभाई शहरात वाढलेले, गुरप्पांच्या घरी कन्नड. एकाला आठवली असती तर समजू शकतो, तिघांना एकदम कशी?

ओवी म्हटली त्या संध्याकाळी भाऊ जेवायला थांबला, आणि बहीण-भाऊ पहिल्यांदाच आईबद्दल पोटभर बोलत बसले.