घर दाखवणारे काका

घर बघायला गेलं की काका आधी घर दाखवत नसत. मालकांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, बसवत आणि चहा होऊ देत. "भिंती कुठं पळून जात न्हाईत, वहिनी," ते आईला म्हणत. "आधी माणसं बघून घ्या."

काका म्हणजे आमचे एजंट, नात्याने कोणी नव्हेत. शाहूवाडीकडून कोल्हापुरात शिकायला आले, गावच्या पोरांना खोल्या शोधून देता देता शिक्षण मागे पडलं आणि धंदा लागला. राजारामपुरीत एका चहाच्या गाडीजवळ त्यांची स्कूटर उभी असे, तेच ऑफिस. मागच्या वर्षी ते गेले. अजूनही त्या रस्त्याने जाताना माझी नजर आपोआप गाडीकडे वळते.

मी बारावीत असताना आम्हाला महिनाअखेर घर सोडायचं होतं. आई-बाबा वेगळे झालेले होते, पण घरमालकांना आम्ही "बाबा पुण्याला नोकरीला असतात" असं सांगायचो. गणपती गेले, दिवाळी गेली, बाबा काही आले नाहीत, तेव्हा मालकांनी चौकशी केली, खरं काय ते त्यांना कळलं आणि त्यांनी घर रिकामं करायला सांगितलं. पुढच्या दोन ठिकाणी बाबांबद्दलचा प्रश्न पहिल्याच भेटीत आला आणि नकारही.

काकांनी चहाच्या गाडीवर आईला विचारलं, "खरं काय ते मला सांगून टाका. डॉक्टर, वकील आन् एजंट, हितं लपवून चालत न्हाय."

आईने खाली बघत सगळं सांगितलं. काकांनी हळहळ केली नाही. "बरं," म्हणाले, "स्वयंपाकघराला खिडकी पायजे का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला कळंब्याकडे नेलं. खाली मालक राहत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि वरचा मजला रिकामा होता. चहा आला. मी मनात पुण्याचं वाक्य तयार करत होते. मला कोणतंही वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. त्या दिवशी तर कोणी विचारायच्या आतच काका बोलले. तेही त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे गेटबाहेर ऐकू जाईल अशा.

"पावणं, आधीच सांगतो. ह्यांच्या घरात पुरुषमाणूस न्हाय. वहिनी नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यात, कोर्टातनं, रीतसर. बँकेत नोकरी हाय, पोरगी बारावीला हाय."

जी गोष्ट मी कॉलेजात एकाही मैत्रिणीला सांगितली नव्हती, ती त्या सोप्यात सगळ्यांसमोर पडली होती. मी कपाच्या कडेकडे बघत राहिले.

"म्हंजे दोघीच?" मालक म्हणाले.

"दोघीच की! आता तुमीच बघा. रात्री पिऊन येणारा कोण न्हाय. मॅच लागली म्हणून आरडणारा न्हाय. तुमच्या दारात गाडी आडवी लावून 'काय करायचं ते कर' म्हणणारा न्हाय. मागच्या भाडेकरूत हे सगळं होतं, आन् त्यो मीच दिलता!"

आतून मालकीणबाई हसत दारात आल्या. "आन् तवा म्हणालता, लई सज्जन माणूस हाय!"

"सज्जनच होता की काकी. संध्याकाळी सातपातूर."

मालकही हसले, पण लगेच गंभीर झाले. "लोक काय म्हणतील ओ?"

"लोकांचं माझ्याकडं लागलं. ह्या गल्लीत निम्म्यांना घरं मीच दिल्यात. कोण काय म्हणाला, तर त्याच्या घराची गोष्ट मी सांगतो की."

मालकीणबाई आईकडे बघत होत्या. आईने मान वर केली होती. मला वाटलं, आता प्रश्न येणार. त्या म्हणाल्या, "मोटर मी सकाळी लवकर लावते. तेवढ्यात पाणी भरून घ्यायला लागंल."

"घेईन," आई म्हणाली.

"मग जावा, वर बघून तरी या."

जिन्यात मी काकांशी पहिल्यांदा आपणहून बोलले. "काका, ते नाही म्हणाले असते तर?"

"म्हणाले असते की. मग दुसरं घर." ते कठड्याला धरून थांबले, त्यांना दम लागत असे. "पर बाळ, लपवून घर घेतलं असतं तर दाराची बेल वाजली की तुमच्या पोटात गोळा. असलं घर देऊन मी काय मिळवलं?"

हे ते इतक्या सहज बोलले, की मी वर जाऊन खोल्या बघायचंच विसरले. काका मात्र वर पोचताच स्वयंपाकघरातल्या नळाची तोटी बघायला लागले. ती गळत होती.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात सिलिंडरवाला आला. दारातून आत डोकावत त्याने विचारलं, "साहेब न्हाईत व्हय?"

मी स्वयंपाकघरात होते. माझा हात ओट्यावरच थांबला.

"साहेब इथं राहत नाहीत," आई म्हणाली. "आम्ही दोघीच असतो. सिलिंडर तेवढा आत ठेवा, आणि वजन करून दाखवा."