संकल्प तीन दातांचा

माझ्या वडिलांना फसवलं ते गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, दंतवैद्याच्या खुर्चीत, त्यांचं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले असताना. खालच्या तीन दाढांचं रूट कॅनल केलं असं छापील बिल आहे, त्यावर दवाखान्याचा शिक्का आहे. केलं एकाच दाढेचं. याला कुणी ‘गैरसमज’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

बाबा इथे गंगेकाठी, रामघाटाजवळच्या पाठशाळेत वेद शिकवतात. तोंड हेच त्यांचं हत्यार. नवरात्रात पाठाला बसले आणि गाल सुजून तोंड उघडेना. पाठ अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती देऊन उठले. आमच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मी त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे काढला, बिल वाचलं, पुन्हा एक्स-रे पाहिला.

“पंडितजी, इन दो को तो किसी ने छुआ ही नहीं।”

मी म्हटलं, हे लिहून द्या. त्यांनी दिलं. त्यातली एक दाढ वाचण्यापलीकडे गेली होती, ती काढावी लागली.

घाटाच्या पायऱ्या चढताना मी तावातावाने बोलत होते. घरी आल्यावर बाबा गालावर रुमाल धरून म्हणाले, “मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“खुर्चीत मी मनात रुद्र म्हणत होतो. एक आवर्तन झालं, म्हणजे जेमतेम अर्धा तास, दुसरं नुकतं धरलं, तेवढ्यात ‘हो गया गुरुजी’. तेवढ्यात तीन दाढा कशा होतील?”

“मग बोलला का नाहीत?”

“त्यांच्या दवाखान्याची वास्तुशांत मी केली, बाळ. त्या डॉक्टर मुलाच्या आजोबांचं श्राद्ध मी करतो. यजमानाच्या घरी हातात काय पडलं ते आपण बघत नाही. मग त्यांनी काय केलं ते कसं विचारणार?”

हे असं आमचं घराणं. दक्षिणा न मोजता कनवटीला लावायची, हा आमचा मोठेपणा. यजमानाच्या मुलाने पाया पडून बिल पुढे केलं, तेही यांनी तसंच न बघता कनवटीला लावलं. आणि मी? मी शहरभर ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटते. आई स्वयंपाकघरातून म्हणालीच, “वाट अजून! पहिलं पत्रक घरात वाटायचं होतंस.”

त्या संध्याकाळी मी बाबांना पत्रकातलंच सगळं सांगितलं, फक्त सावकाश. आधी दवाखान्याला लेखी पत्र द्यायचं: माझ्या उपचारांच्या नोंदी आणि आधीचे-नंतरचे एक्स-रे द्या. पोच घ्यायची. मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे वकील लागतोच असं नाही, आपली तक्रार आपण मांडू शकतो, पण दोन वर्षांच्या आत. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार राज्याच्या दंत परिषदेकडे वेगळी. आणि न केलेल्या कामाचे पैसे जाणूनबुजून घेतले असतील तर ती सरळ फसवणूक, पोलिसांतही जाता येतं.

बाबांनी सगळं ऐकलं. “ज्याला आशीर्वाद दिला, त्याच्यावर खटला?”

“आशीर्वाद परत मागत नाहीये मी.”

“तुला सगळीकडे मोर्चाच दिसतो.” मी लिहून पुढे केलेला पत्राचा कागद त्यांनी पाटाखाली सरकवला. मी रागाने गंगेवर जाऊन बसले. काय करणार? दात त्यांचे, सहीही त्यांचीच हवी.

दुसऱ्या दिवशी यजमान स्वतः आले, दंतवैद्याचे वडील. मिठाईचा डबा पुढे. रुग्णालयातली गोष्ट त्यांच्या कानावर कशी गेली, विश्वनाथाला ठाऊक. इथल्या गल्लीत काही लपत नाही.

“लड़के से जल्दबाज़ी हो गई, गुरुजी. जो दाँत बचा है, फ़्री में कर देगा.”

“ठीक है,” बाबा म्हणाले. “यही बात लिखकर दे दीजिए.”

“लिखना क्या? घर की बात है।”

बाबांनी डबा बाजूला सरकवला. मग शांतपणे, पाठशाळेत विद्यार्थ्याला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “आपके यहाँ ग्यारह आवृत्ति का संकल्प लेकर मैं चार में उठ जाऊँ, और कहूँ कि ग्यारह हो गईं, तो?”

यजमान हसले. बाबा हसले नाहीत.

“तो आप मुझे क्या कहेंगे?”

यजमानांनी पायात चपला घातल्या. डबा राहिला. आईने तो उघडलासुद्धा नाही, कामवालीला देऊन टाकला. बाबांनी पाटाखालचा कागद काढला आणि सही केली. म्हणाले, “संकल्पाचं पाणी सोडलं की काम पुरं करायचं असतं. मग तो संकल्प दाताचा का असेना.”

दवाखान्याने नोंदी दिल्या नाहीत. पत्राची पोच तेवढी आहे. तक्रार आयोगात दाखल झाली आहे, पुढच्या तारखेची वाट बघतो आहोत. त्या घरचं श्राद्ध यंदा दुसऱ्या गुरुजींकडे गेलं, त्यांच्या नात्यातली आणखी दोन घरंही. बाबा एका बाजूने चावतात. मंत्र शिकवताना मध्येच थांबतात, गाल धरतात, पुन्हा सुरू करतात. मुलांना वाटतं गुरुजी विसरले. ते विसरलेले नाहीत. त्यांना दुखतं.

आणि मला खुपतं ते वेगळंच. त्या खुर्चीत बसलेली आमच्या ओळखीची आणखी माणसं आहेत. घाटावर भेटली की कुजबुजतात, “आमचंही असंच झालं, पण कशाला उगाच...” मग इकडेतिकडे बघून निघून जातात. दवाखान्याचा वकील उद्या म्हणेल, एका म्हाताऱ्या पंडिताचा गैरसमज. म्हणणारच. समोर एकच तर म्हातारा उभा असेल.

तेव्हा तुम्ही, जे हे वाचताय आणि मनातल्या मनात तुमची दाढ चाचपताय, तुमचं बिल काढा. दुसऱ्या डॉक्टरकडून एक्स-रे काढा. जुळत नसेल तर तसं लिहून घ्या, आणि तारखेच्या दिवशी माझ्या बापाच्या शेजारी येऊन उभे राहा. कुजबुजायला नाही. सही करायला.