लाल गाडी आणि ओला दुपट्टा

आता ही फजिती कोणत्या तोंडानं सांगू? पण चहा उकळतोय, लेक झोपलीय, सांगूनच टाकते.

माझा दीर गजू. अंजनगावला केळीची बाग, देखणा, निर्व्यसनी, पण शेतकरी! नापिकीच्या त्या वर्षांत शेती करणाऱ्याला मुलगी कोण देणार? पाहायला गेलं की पोहे मिळायचे, होकार नाही. शेवटी परतवाड्याच्या पल्लवीनं हो म्हटलं, तेव्हा गजू मला म्हणाला, "वहिनी, एक दिवस तरी लोकायनं माह्याकडे कीव करून पाहू नये. वरात झोकात पायजे."

झोक म्हणजे अमरावतीच्या रशीदभाईंच्या जुन्या, उघड्या, दोनच सीटच्या गाड्या. एक हिरवी ब्रिटिश, एक लाल इटालियन. वरातीसाठी भाड्यानं देतात.

"भाभी, हे हिरवी म्हंजे सायब हाय. शिस्तीत चालते," रशीदभाई म्हणाले. "अन् हे लाल? हे चालत नाही, मिरवते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तू शिकेल हायस," सासूबाई म्हणाल्या, "सांग."

मी! लेकीला कोणती टोपी घालावी हे ठरवता ठरवता जिचा ऋतू बदलतो, ती मी! मोबाईल तापेपर्यंत वाचलं. ब्रिटिश गाडीचं कापडी छत लावायला म्हणे फार खटपट; इटालियनचं बसल्या जागेवरून एका हातानं ओढता येतं. लग्न मे महिन्यातलं. मी ठणकावून निकाल दिला, "लाल!"

लग्नाच्या दुपारी रशीदभाईंना म्हटलं, "ओढा छत."

"छत? ते तं उंदरायनं कधीचंच खाल्लं, भाभी."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं?"

खरंच की. सगळं विचारलं होतं, छत आहे का एवढं सोडून!

डोक्यावर वऱ्हाडचं ऊन, पुढे परतवाड्यापर्यंतचा रस्ता. माझ्यातली आई खवळली. गजूच्या खिशात कांदा कोंबला, फेटा काढला आणि माझा ओला दुपट्टा असा गुंडाळला की नुसते डोळे उरले.

"वहिनी, मी नवरदेव हाओ का स्कूटीवरची पोरगी?"

"गप बस. लू लागेल."

आता तुरा-मुंडावळ्यांसकट तो फेटा ठेवायचा कुठे? मांडीवरून उडणार. "रशीदभाई, तुम्हीच घाला. पोचलो की बदलू!" काय माझी अक्कल!

आमची जीप वाटेत मागे पडली. लाल गाडी दारात पोचताच बँड सुरू. आणि त्या इटालियन बाईचं स्टिअरिंग डावीकडे! आपल्याकडे डावीकडे कोण बसतं? नवरदेव! पल्लवीची आजी ताट घेऊन थेट डावीकडे. कुंकू, अक्षता, ओवाळणं. मग तिनं मेंदी लावलेली दाढी नीट पाहिली.

"अवं माय! फोटोत पोरगा जवान होता वं!"

"अम्मा, मी तं भाड्यानं आलो," रशीदभाई घाबरून म्हणाले.

झालं! "भाड्याचा नवरदेव आनला!" पल्लवीचे मामा गरजले. बँड बंद. नेमकी तेव्हाच आमची जीप पोचली. उजवीकडून दबका आवाज येतोय, "मामाजी, मी हाओ, गजू!" पण ड्रायव्हरच्या जागेवरच्या माणसाकडे बघतो कोण? बिचारा गाठ सोडायला धडपडत होता. माझी गाठ ती! ओली होऊन अजूनच आवळलेली.

इतक्या नकारांनंतर मिळालेला एक होकार माझ्या दुपट्ट्यात गुदमरत होता!

तेवढ्यात हळदीच्या अंगानं पल्लवीच बाहेर आली. सरळ उजवीकडे गेली, वाकून पाहिलं. "हेच हाय. डोये वळखते मी," म्हणाली आणि दातांनी गाठ सोडली. लालबुंद गजू बाहेर आला. मागोमाग खिशातून कांदा.

पल्लवी हसू दाबत म्हणाली, "पन वापस जायची गाडी मी ठरवीन."

तिनं निवडला आमचं वऱ्हाड घेऊन आलेला, केळी वाहायचा पिकअप. छत होतं ना त्याला!

मग लाल गाडी रिकामी कशाला न्यायची, म्हणून तीत मला बसवलं. लेक पिकअपमध्ये बापाच्या मांडीवर. धुळीनं घसा धरेल म्हणून मी तोच दुपट्टा तोंडाला बांधला. गाडी सुसाट. पिकअपच्या आधी आम्हीच दारात.

शेजारच्या काकूंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं, उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं. मी हातवारे करतेय, दुपट्ट्यातून ओरडतेय. "लाजू नोको वं," म्हणत त्या मला पुढे ढकलताहेत. गाठ सुटेल तर शपथ!

शेवटी तयारीसाठी आधीच परतलेल्या सासूबाई आतून आल्या. माझे डोळे निरखले आणि म्हणाल्या,

"माप उचला वं. हे जुनीच हाय."