थोरा नेसेट आणि केसांचा टोप

"कानात आलं ते कानातच राहावं," असं थोरा नेसेट दिवसातून चारदा म्हणायची. तिचं कामच तसं होतं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सपाट, गव्हाच्या मुलखात आमचं हॉल्मदाल, दोनशे उंबऱ्यांचं गाव. चर्च, धान्याचं उंच कोठार, सिगर्ड बक्केचं न्हाव्याचं दुकान आणि त्याच्या समोर टेलिफोनची खोली. त्या खोलीत, घराघराच्या तारा जोडून द्यायच्या बोर्डासमोर, थोरा पंचवीस वर्षं बसली होती. गावात कुणीही फोन उचलला की पहिला आवाज तिचा. कुणाची गाय अडली, कुणाची सोयरीक मोडली, सगळं तिच्या हातून तारेवर जायचं. लग्नाची बोलणी तिच्या कानांदेखत व्हायची, आणि महिनाभरानं आमंत्रण आलं की ती "असं का?" म्हणायची. तिच्या तोंडून कधी एक अक्षर सांडलं नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो तिच्या चालण्यातही दिसायचा.

एकोणीसशे त्रेसष्टच्या शरदात ती बहिणीकडे कॅलिफोर्नियाला गेली. बहिणीनं तिला न विचारता टेलिव्हिजनवरच्या शब्दांच्या खेळात तिचं नाव घातलं. खेळ सोपा होता. दोन जोड्या, प्रत्येक जोडीत एक साधं माणूस, एक सिनेमातलं. एकाच्या हातात गुपित शब्दाची चिठ्ठी. घरी बसलेल्यांना तो शब्द पडद्यावर दिसायचा, जोडीदाराला मात्र नाही. त्याला एकच शब्द बोलून सुचवायचं. त्याला ओळखता आलं नाही, तर त्याच शब्दावर पाळी दुसऱ्या जोडीची.

थोराला जोडीदार मिळाला रेक्स डॅलन. सिनेमात घोड्यावर तो फार देखणा दिसायचा. खुर्चीत तितका नाही. पण सुरुवात चांगली झाली. चिठ्ठीत 'शेजारी' आलं, थोरा म्हणाली "कुंपण," आणि रेक्सनं ओळखलं. चिठ्ठीत 'रविवार' आलं, ती म्हणाली "जांभई," तेही त्यानं ओळखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग चिठ्ठी आली: केसांचा टोप. पहिली पाळी समोरच्यांची. ते म्हणाले "केस," आणि त्यांचा जोडीदार म्हणाला "कंगवा." आता पाळी थोराची.

पंचवीस वर्षांची सवय अशी, की बोर्डावर खूण पडली की हात आपोआप त्या माणसाच्या घराच्या तारेकडे जायचा. चिठ्ठी डोळ्यांनी पाहिली आणि जिभेनं घर गाठलं.

"सिगर्ड," थोरा म्हणाली.

रेक्स डॅलननं बराच विचार केला. "घोडा?" तो म्हणाला.

लोक हसले. समोरच्यांनी "खोटे" असं सुचवून तो शब्द जिंकला, पुढं खेळही जिंकला. हरलेल्यांना द्यायची एक इस्त्री थोराच्या हातात ठेवली, ती तिनं आगगाडीत तीन दिवस मांडीवरच धरली.

सहा वर्षांपूर्वी सिगर्डनं मिनियापोलिस शहरात फोन करून टोप मागवला होता. आवाज नीट पोचेना, म्हणून त्याच्या डोक्याचा घेर थोरानंच ओरडून पलीकडे सांगितला होता. टक्कल पडलेल्या न्हाव्याच्या खुर्चीत कोण बसेल, ही त्याची धास्ती. तो आणि थोरा सोडून हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आणि खेळ टेलिव्हिजनवर दिसायचा होता तीन आठवड्यांनी.

घरी येऊन पाहते तर सिगर्डनं दुकानात भलामोठा टेलिव्हिजन आणून ठेवलेला. "अख्खं गाव बोलावलंय," तो म्हणाला. "आपल्या माणसाला आपल्या माणसांत बसून बघायचं." थोरा रोज रस्ता ओलांडून त्याला सांगायला जायची.

"थंडी पडली," ती म्हणायची.

"पडली," तो म्हणायचा. आणि ती परत यायची.

शेवटी त्या दिवशी सकाळी ती दार लोटून आत गेली. सिगर्ड खुर्च्या मांडत होता.

"मी तिथं तुझं नाव घेतलं," थोरा म्हणाली.

"बरं केलंस की. कशावरून?"

थोरानं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, जरा वर पाहिलं. सिगर्डचा हात सावकाश डोक्याकडे गेला.

"कोण कोण बघणार हे?" त्यानं विचारलं.

"सगळा देश."

"देशाचं मला काही नाही. गावातली रग्ना आजी पुढच्याच खुर्चीत बसणार आहे." तो खुर्चीत बसला. "थोरा, पाद्र्यापाशी बोललो नाही ते तुझ्या तारेवर बोललो मी."

दाराशी मंडळी येऊ लागली होती. सिगर्डनं लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून घेतली. बायकांनी बटाट्याच्या मऊ पोळ्या आणल्या होत्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. कॉफी उकळली. थोरा बोर्ड तसाच सोडून आली होती. सगळं गाव इथं, फोन करणार कोण?

टेलिव्हिजनवर 'कुंपण' झालं, 'जांभई' झाली, गाव खूश झालं. मग पडद्यावर तो शब्द आला, आणि टेलिव्हिजनातली थोरा स्पष्ट आवाजात म्हणाली, "सिगर्ड."

आमच्याकडे घराला आग लागली तरी लोक 'जरा ऊब आली' म्हणतात. सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

"तो कॅलिफोर्नियातला कुणी सिगर्ड असेल," कोठारवाला ओलाफ म्हणाला.

"तिकडं पुष्कळ असतात," त्याची बायको म्हणाली.

रग्ना आजी ऐंशीची, तिला वाटलं आपणही धीर द्यावा. "आणि असला आपला, तर काय झालं?" ती म्हणाली. "नवा मागवलाय ना? करडा आहे म्हणे. वयाला शोभेल."

सिगर्डनं मान वळवली. "करड्याचं कुणी सांगितलं? मी परवाच तर फोन केला."

ओलाफ खाकरला. "बाबा, तुझ्या तारेवर आठ घरं आहेत. घंटी एका घरी वाजते, पण उचलता सगळ्यांना येतं. हिवाळा मोठा असतो."

"सहा वर्षांपूर्वीचंही?"

"घेर साडेतेवीस इंच," रग्ना आजी म्हणाली. "थोराचा आवाज फार खणखणीत."

थोराच्या चेहऱ्याकडे पाहवेना. "म्हणजे पंचवीस वर्षं मी दारावर राखण करत बसले," ती म्हणाली, "आणि घराला भिंतीच नव्हत्या."

"पण आम्हीही कुठं बोललो नाही," ओलाफ म्हणाला. "बोललीस ती तूच."

हे खरं होतं, आणि तिला ते सगळ्यांत जास्त लागलं.

सिगर्ड उठला. त्यानं टोपी काढली, टोपीबरोबर केसांचा टोपही आला, आणि ते दोन्ही त्यानं खुंटीला लटकवलं. त्याचं डोकं गुळगुळीत आणि गुलाबी होतं. त्यानं थोराकडे पाहिलं आणि त्याच्या मिशा हलल्या.

"जा, मिनियापोलिस लावून दे," तो म्हणाला. "करडा रद्द करतो. तुझ्याशिवाय कोण लावणार?"

थोरानं शाल सावरली. "आता निवांत बोल," ती म्हणाली. "तारेवर कुणी नाही. आठही घरं इथंच बसलीत."

ती रस्ता ओलांडून निघाली, नेहमीपेक्षा सावकाश. सिगर्ड उघड्या डोक्यानं, फोन कानाला लावून, काचेतून तिला जाताना पाहत होता. आणि त्याच्या मागं आठही घरं कप हातात धरून, एक पाऊल पुढं सरकून, तो आता काय बोलतो ते ऐकत उभी होती.