न मोजलेली पाखरं

निरवांगीच्या प्रगतीला पाखरं मोजायची सवय होती, आणि त्या सवयीची तिला मनापासून लाज वाटायची.

पाखरं म्हणजे टोमॅटो पोखरणाऱ्या अळीची पाखरं. ती धरायला शेतात कामगंध सापळा लावतात. वर माद्यांच्या वासाची गोळी, खाली नरसाळं, नरसाळ्याला लांब पिशवी. वासाला भुललेले नर रात्रभर त्या पिशवीत पडत राहतात. प्रगतीच्या घरामागच्या टोमॅटोत असा एक सापळा होता. सकाळी सहाला ती पिशवीची गाठ सोडायची, मेलेली-अर्धमेली पाखरं वर्तमानपत्रावर ओतायची, मोजायची, आणि आकडा डेअरीच्या फळ्यावर लिहायची. मग एसटी धरून बारामतीला, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीवर. शेतीची पदवी घेऊन आल्यावर तिनंच गावात हे सुरू केलं होतं. नियम साधा होता. लागोपाठ तीन दिवस आठच्या वर पाखरं आली, की औषध मारायचं. तोवर पंपाला हात लावायचा नाही. अळी एकदा फळात शिरली की वरून कितीही औषध मारा, तिला काही होत नाही.

डेअरीवर दूध घालायला येणारी निम्मी माणसं फळा वाचायची, निम्मी हसायची. भिमाआबा मात्र पक्के. ओढ्यापलीकडं त्यांचा एकरभर टोमॅटो होता. "प्रगतीचा आकडा आल्याबिगर मी पंप खांद्याला लावत न्हाय," असं ते चारचौघांत सांगायचे. पाखरू कसं ओळखायचं तेही तिच्याकडून शिकून गेले होते. पासष्टाव्या वर्षी, चष्मा वर-खाली करत.

एखादी शहाणी मुलगी यावर खूश झाली असती. पण प्रगतीचा जीव अडकला होता फोनमधल्या चार मैत्रिणींत. लॉकडाउनच्या वर्षी शब्दकोडी सोडवता सोडवता या पाचजणी जमल्या. एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण 'नदीचे पाच अक्षरी नाव' यावर रात्र रात्र भांडलेल्या. तेव्हा सगळ्या सारख्याच पुस्तकी होत्या आणि प्रगती त्यांच्यात सगळ्यात हुशार होती. मग बाकीच्या वयात आल्या म्हणा, बदलल्या म्हणा. एक मनालीला गेली, एकीनं स्कूटर घेऊन कोकण पालथं घातलं, एक दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. पुण्याच्या वैदेहीचं तर दर आठवड्याला नवं काहीतरी, कधी नाटकाची तालीम, कधी मातीची भांडी. प्रगती एकटी अजून शब्दकोडी सोडवत होती. "तू काय करतेस गं वीकेंडला?" असं कुणी विचारलं की ती लिहायची, "काही नाही, काम." पाखरांचं एकदा लिहायला घेतलं होतं. अर्धं वाक्य लिहिलं, वाचलं, आणि कुणी बघतंय की काय अशा घाईनं पुसून टाकलं.

फेब्रुवारीत वैदेहीच्या मावसबहिणीचं लग्न बारामतीला निघालं. 'तू ये, आपण पहिल्यांदाच भेटू!' प्रगतीनं एकुलता एक बरा ड्रेस इस्त्री केला. सोमवारची पाखरं मोजून, आकडा लिहून ती गेली. रात्री परत यायचं ठरलं होतं. पण वैदेहीनं हात धरला, "तीन दिवस राहा की! काय काम आहे एवढं?"

काय काम आहे, हे सांगायला तोंड उघडलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. प्रगती म्हणाली, "काहीच नाही." नोकरीवर रजा कळवली, आईलाही कळवलं. सापळ्याचं आईला सांगण्यात अर्थ नव्हता. तिला त्या पिशवीची किळस यायची.

मंगळवारी सकाळी मेहंदीवाली हातावर वेल काढत असताना फोन वाजला. दुसऱ्या हाताची मेहंदी वाळायची होती, म्हणून वैदेहीनं तो उचलून प्रगतीच्या कानाला लावला.

"प्रगते, भिमाआबा बोलतोय. फळ्यावर आज आकडा न्हाय. इसरलीस जणू? किती पाखरं हायती?"

आबांचा आवाज मोठा. फोन कानाला असला तरी तो खोलीभर ऐकू येत होता. एक मुलगी हसू दाबत म्हणाली, "पाखरं?" प्रगतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रविवारी तीन होती, सोमवारी तीन होती. "तीन," ती पुटपुटली.

"बरं बरं, मग निवांत. डेअरीवरच्या केशवतात्याला ल्ह्यायला सांगतो. सुखी ऱ्हा पोरी."

"कोण गं?" वैदेहीनं विचारलं.

"राँग नंबर," प्रगती म्हणाली.

राँग नंबरला कुणी आकडा सांगतं का? वैदेहीनं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि विषय सोडून दिला. बुधवारी प्रगती फोन वाजायची वाट न बघता गच्चीवर गेली आणि आपणहून आबांना म्हणाली, "चार." गुरुवारी परत तीन. खोटं बोलताना आकडा थोडा वर-खाली केला की खरा वाटतो, एवढी अक्कल तिला त्या तीन दिवसांत आली. गुरुवारीच वैदेहीनं तिचा घागऱ्यातला फोटो ग्रुपवर टाकला. 'आमची प्रगती ओळखूच येत नाही!' बाकी तिघींनी बदाम पाठवले. पाच वर्षांत तिच्यावर एवढे बदाम कधी पडले नव्हते. ती त्या रात्री खूश झोपली. हेही सांगायला हवं.

शुक्रवारी सकाळी घरी येऊन पिशवीची गाठ सोडली, आणि वर्तमानपत्र पुरेना. पंचेचाळीस. म्हणजे मंगळवारपासून रोज अकरा-बारा आलेली. नियमानं गुरुवारीच औषध पडायला हवं होतं. ती उकिडवी बसून राहिली. अजून वेळ होती. डेअरीवर जाऊन "आकडे चुकले, आजच मारा" एवढं म्हणायचं होतं. पण मग कुणीतरी विचारणार, का चुकले? कुठं होतीस? तिनं फळ्यावर लिहिलं, 'नऊ'. आठच्या वरचा पहिला दिवस. म्हणजे वाचणारा अजून दोन दिवस थांबणार, हे खडू हातात असतानाच तिला ठाऊक होतं.

बाकीच्यांनी फळ्याची वाट पाहिली नव्हती, आपल्या अंदाजानं कधीच मारून मोकळे झाले होते. रविवारपर्यंत थांबले ते फक्त भिमाआबा.

पंधरवड्यानं ते डेअरीवर आले ते पंच्यात चार टोमॅटो बांधून. प्रत्येकाला देठाजवळ गोल भोक. "निम्मा माल असा हाय," ते केशवतात्यांना म्हणाले.

फळ्याला हसणाऱ्यांतल्या शंभूराजला निमित्तच हवं होतं. दुधाचा कॅन खाली ठेवत तो म्हणाला, "आबा, पाखरं मोजून शेती हुती का कुठं? पोरीनं बुडवलं तुमाला."

"तिचं नाव घिऊ नगंस," आबा तडकले. "पोरीचा आकडा खोटा नसतोय. माझ्याच रानात काय तरी येगळं झालं आसंल. व्हय का न्हाय गं प्रगते?"

प्रगती फळ्यापाशी उभी होती. तिला गिळून टाकायला जमीन फाटणार नव्हती आणि एसटीला अजून अवकाश होता. तिनं त्या दिवसाचा आकडा लिहिला. मग त्याच्याखाली, लांबूनही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत, मागची तारीख घालून लिहिलं: 'मंगळ, बुध, गुरु – पाखरं मोजली नाहीत. आकडे मनानं सांगितले. – प्रगती.'

केशवतात्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि शेवटाला आवाज बारीक केला. शंभूराजनंसुद्धा कॅन उचलला नाही.

"हितं नव्हतीस?" आबांनी विचारलं.

"लग्नाला गेलते. बारामतीला. मैत्रिणीकडं."

"मग जायाचं की! लग्नाला जायाला कोण आडवं येतंय? मला सांगायचं. मीच यिऊन मोजली आसती, शिकवलंयस न्हवं तू."

"तिथं सांगायची लाज वाटली, आबा."

आबांना ते कळायला जरा वेळ लागला. त्यांनी चष्मा काढला, पंच्याच्या कोपऱ्यानं पुसला.

"माझी?"

प्रगतीला पटकन 'न्हाय' म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण समोर तिच्याच अक्षरातला फळा होता, आणि या माणसाला आणखी एक खोटं सांगायची तिची हिंमत झाली नाही. तिनं खडू फळ्याखाली ठेवला. आबांनी पंच्याची गाठ परत बांधली आणि रिकामी किटली घेऊन ओढ्याच्या वाटेनं गेले.