कॅरियर काढलेली सायकल

विमलाबाई गांगुर्डे जेलरोडच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. पालिकेच्या शाळेत त्या बाई, पण माझी ती विमल. मनानं चांगली, कुणाच्याही अडीनडीला धावून जाणारी, पण संशय तिच्या अंगातच होता. लोक ताकसुद्धा फुंकून पितात. विमल आधी विचारायची, ताक दिलं कुणी आणि आजच का दिलं?

नवरा कोंडाजीभाऊ नोटांच्या प्रेसमध्ये कामाला. लोक म्हणायचे, माणूस मितभाषी आहे. मितभाषी कसला, उत्तरं देऊन देऊन दमलेला! कुठं होतात? चहा कुणाबरोबर घेतलात? मघाशी हसलात का? भाऊ हो-नाही करायचे आणि सायकल पुसत बसायचे.

चौऱ्याऐंशी सालची दिवाळी झाली आणि एके संध्याकाळी विमल माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, यांनी सायकलचं कॅरियर काढलं."

"बरं, मग?"

"मडगार्डसुद्धा काढली. लग्न झाल्यापासून त्या कॅरियरवर बसून मी शाळेत जाते. आता म्हणतात, थोडे दिवस चालत जा. कुठंतरी पाणी मुरतंय."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढं भाऊंनी बिडी सोडली. मग डोकं अगदी बारीक करून आले. आणि ड्यूटी सुटली की घरी न येता थेट पांडवलेण्यांकडं जायला लागले. रोज. विचारलं तर म्हणे, "बरं वाटतं तिथं."

आमचे हे स्टेशनात पार्सल ऑफिसला. एकदा जेवताना म्हणाले, "कोंडाजी येऊन गेला. एखाद्या रविवारी पॅसेंजरला सायकल लगेजमध्ये टाकून इगतपुरीला नेता येते का, विचारत होता. वर म्हणतो, विमलला सांगू नका." आता माझ्या पोटात काही राहत असतं तर काय हवं होतं! सकाळी नळावर मी विमलला सांगून टाकलं. तिनं भरता हंडा तिथंच ठेवला.

"इगतपुरीला तर डोंगरावर लोक ध्यानाला बसतात, ताई."

मग मात्र माझ्याही डोक्यात उजेड पडला. आमच्या बौद्धांच्या वस्तीत एखाद्यानं बिडी सोडली, डोकं भादरलं, रोज बुद्धाच्या लेण्यांवर जाऊ लागला आणि वर बायकोची बसायची जागाही काढून टाकली, तर बायका त्याचा एकच अर्थ लावतात. भाऊ चीवर घेणार. घर सोडून भिक्खू होणार. रविवारी विहारात वंदना संपल्यावर कॉलनीतल्या भिमाबाईनं विमलच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको बाई, लय पुण्याचं काम हाय."

"पुण्य यांचं, आणि घर मी एकटीनं ओढायचं?" विमल फणकारली.

मी म्हटलं, सरळ विचार की त्यांना. पण जन्मभर नवऱ्याला प्रश्न विचारत आलेली ही बाई एवढा एकच प्रश्न विचारायला घाबरत होती. ते हो म्हणाले तर?

शेवटी शनिवारी आम्ही दोघी बसनं लेण्यांच्या पायथ्याशी गेलो आणि बाभळीआड उभ्या राहिलो. पाळतीवर, दुसरं काय! भंते नव्हते, ध्यान नव्हतं. डोंगराच्या एका अंगाला भाऊ दगडगोट्यांच्या वाटेनं सायकल ढकलत वर नेत होते, वर गेले की बसून खडखडत खाली येत होते. परत वर, परत खाली. शर्टात वारं भरलेलं, आणि माणूस एकटाच हसत होता.

"घरी असे कधी हसत नाहीत," विमल पुटपुटली. आणि मी धरीपर्यंत ती वाटेत जाऊन उभी राहिली. भाऊ तिच्या अंगावर येता येता थांबले.

"चीवर घ्यायचं तर घ्या, पण आधी मला सांगा!"

भाऊ सायकलवरून उतरले. "कसलं चीवर? सायकल घेऊन कुणी भिक्खू होतंय का?"

मग सगळं बाहेर आलं. रविवारी गाडीनं इगतपुरी, तिथून सायकलवर भावलीचा चढ, पुढं बैलगाडीच्या वाटेनं कुलंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत, आणि संध्याकाळी घोटीला गाडी धरून घरी. प्रेसमधला देवराम त्या भागातला, वाट त्यानं सांगितलेली. बिडीनं दम लागतो म्हणून बिडी सुटली, घामानं डोकं खाजतं म्हणून केस गेले, दगडात खडखडतं म्हणून कॅरियर गेलं.

"सायकल आहे तर गाडी कशाला, आणि गाडी आहे तर सायकल कशाला?" विमल म्हणाली. "आणि हे चोरून का?"

भाऊ सायकलच्या हँडलकडं बघत बोलले. "विमल, उठल्यापासून निजेपर्यंत तू विचारतीस. कुठं, कोण, कशाला. मला एक दिवस असा पाहिजे होता, की ज्याचा जाब कुणाला द्यायचा नाय."

मला फार वाईट वाटलं, दोघांचंही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, विमलनं पहाटे उठून बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एक शब्द विचारला नाही. भाऊ दिवेलागणीनंतर परतले ते कानापर्यंत धुळीनं माखलेले, कोपर सोललेलं. विमलनं गरम पाणी काढलं, जखमेवर हळद दाबली, ताट वाढलं. तरी काही विचारलं नाही. पुढचा सगळा आठवडा तसाच. कॉलनी म्हणाली, बाई सुधारल्या. मला पटलं नाही. तोंड मिटलं होतं, पण डोळे कुठं मिटले होते?

शनिवारी भाऊ माझ्या ओट्यावर आले. इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाले, "वहिनी, विमल तुम्हाला काय बोलली का?"

"कशाबद्दल?"

"काल मुद्दाम उशिरा आलो. विचारलं नाय. बाहेर चहा घेतला म्हणालो, तर नुसतं 'बरं' म्हणाली. कोपराला एवढं लागलं, कसं पडलात म्हणून विचारू नये? तिच्या मनात काय हाय? माहेरी जायचं तर ठरवलं नाय ना?"

मला हसू आलं आणि कीवही. म्हटलं, "भाऊ, विचारलं तरी त्रास, नाही विचारलं तरी त्रास. आता आपणहून सांगून बघा."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज येत होता. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. भावलीचा चढ, पाणी देणारी म्हातारी, वाटेत आडवी आलेली शेरडं, उतारावर निसटलेलं चाक. विमलचा स्टोव्ह भरभरत होता, तो बंद झाला. मी भिंतीला कान लावला.

"पडलात तेव्हा सोबत कोण होती?" विमलनं विचारलं.

"कुणीच नव्हतं," भाऊ म्हणाले. "म्हणून तर जास्त लागलं."